चित्रकलेची पदवी हातात येतेय, काम नेमकं कुठून सुरू करायचं?

ओली_रेघ

बीएफए चित्रकलेचं शेवटचं वर्ष. गाव सांगली जिल्ह्यात. जलरंग, अ‍ॅक्रिलिक, पेन-शाई आणि टॅब्लेटवरचं थोडंफार काम येतं. नोकरीच्या जाहिराती पाहिल्या तर सगळीकडे ग्राफिक डिझायनर नाहीतर व्हिडिओ एडिटर हवाय. घरचे म्हणतात एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून शाळेत लाग. वर्गातले काही म्हणतात मुंबईला गेल्याशिवाय काही खरं नाही, काही म्हणतात एआय आल्यावर चित्रकाराला विचारतंय कोण. काळजी वाटते, पण धीर देणारे प्रतिसाद नकोत, माहिती हवी आहे. पैसे देणारं पहिलं काम कोणाकडून मिळतं? त्यांना काय पाठवायचं? किती मागायचे? आणि पैसे बुडू नयेत म्हणून काय करायचं?

मुखपृष्ठ

तुमच्याकडे जे आहे त्याला सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक म्हणजे मराठी प्रकाशन: दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं, मुखपृष्ठं. तिथे पदवी कोणी विचारत नाही, काम वेळेत देता का एवढंच बघतात.

दिवाळी अंकांचं वेळापत्रक पाठ करून ठेवा. मजकूर साधारण जुलै-ऑगस्टमध्ये संपादकांच्या हाती येतो, चित्रं ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागतात, मग छपाई. म्हणून संपादकांना पत्र मे-जूनमध्ये जायला हवं. सप्टेंबरात 'माझी चित्रं बघाल का' असं विचारणाऱ्याला उत्तर येत नाही याचं कारण चित्र वाईट असतं असं नव्हे, त्या वेळी संपादक मुद्रितशोधनात बुडालेले असतात. ठरलेला चित्रकार आजारी पडला, ऐन वेळी मागे हटला की संपादक मेलबॉक्स शोधतात. तेव्हा तुमचं नाव आधीपासून तिथे पडलेलं असावं.

काय पाठवायचं? एकच पीडीएफ, १२ ते १५ चित्रं, १० एमबीच्या आत. ड्राइव्हची लिंक देऊन 'परवानगी मागा' असं दिसू देऊ नका, लोक तिथूनच परततात. कॉलेजची स्टिल लाइफ आणि न्यूड स्टडी यांतली फार तर २ ठेवा. बाकीचं 'मजकुरासाठी काढलेलं' दिसलं पाहिजे: एका कथेची ३ चित्रं, ज्यात तोच मुलगा तिन्हीकडे तोच वाटतो (मागून, बाजूने, रडताना). एका कवितेचं कृष्णधवल रेखाटन. एक मुखपृष्ठ, शीर्षकाला जागा सोडलेलं. गर्दीचं एक दृश्य, आठवडी बाजार किंवा एसटी स्टँड. संपादक पहिल्यांदा हात आणि गर्दी बघतात, कारण चित्रकार नेमके तिथे चुकारपणा करतात.

सरावाला मजकूर हवा असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखकाचं नाव देऊन त्यावर स्वतःची चित्रं काढता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मराठी पानावर चित्र आणि मजकूर कसे बसवतात हे त्याहून चांगलं कुठे शिकायला मिळणार नाही.

चार_रंगी

मी छापखान्याच्या बाजूने लिहितो. नव्या चित्रकारांच्या फाइली परत जातात त्या चित्रामुळे जात नाहीत.

पहिलं, आकार. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेलवर काढलेलं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ९ सेंटिमीटर छापता येतं. ते पानभर ताणलं की फाटतं. कॅनव्हास उघडतानाच छपाईचा आकार टाका. नुसत्या काळ्या रेषेचं काम ६०० डीपीआयला स्कॅन करा, ३०० ला रेषेच्या कडा केसाळ दिसतात.

दुसरं, रंग. टॅब्लेटवरचा झगझगीत निळा आणि पोपटी कागदावर येत नाही. आरजीबीतून (पडद्याचे रंग) सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया: सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) नेल्यावर निळा जांभळट पडतो, कारण सायनमध्ये मॅजेंटा जवळजवळ बरोबरीने मिसळलेला असतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कागद ओला राहतो आणि मागच्या पानाला डाग लागतो. बारीक काळी अक्षरं आणि बारीक रेघा फक्त काळ्या शाईत. चार रंगांचा काळा केला तर प्लेट केसभर सरकली तरी दुहेरी दिसतं.

तिसरं, ब्लीड. कापायच्या बाजूंना ३ मिलिमीटर चित्र जास्त, आणि चेहरा किंवा अक्षर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत.

मुखपृष्ठाचं उदाहरण देतो. डेमी पुस्तक, साडेपाच गुणिले साडेआठ इंच, १६० पानं. म्हणजे ८० पत्रे. ७०-८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.१ मिमी धरला तर कणा ८ मिमी. पूर्ण कव्हर: १४० + ८ + १४०, शिवाय दोन्हीकडे ३-३, म्हणजे रुंदी २९४ मिमी, उंची २१६ अधिक ६, म्हणजे २२२ मिमी. कागद बदलला की कणा बदलतो, म्हणून अंतिम फाइल करण्याआधी छापखान्याला एक फोन करायचाच. कणा २ मिमीने चुकला की शीर्षक मुखपृष्ठावर घसरतं.

ओली_रेघ

दोघांचेही आभार, हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. मुलांच्या २४ पानी पुस्तकाचे किती मागावेत? कोणी ५ हजार म्हणतं, कोणी लाख.

हिशेबवही

दुसऱ्याचा दर विचारू नका, आधी स्वतःचा तासाचा दर काढा. आकडे उदाहरणादाखल देतोय, तुमचे तुम्ही घाला.

महिन्याचा घरखर्च १८,०००. रंग, कागद, इंटरनेट, टॅब्लेटची झीज ५,०००. विमा आणि इतर ३,०००. एकूण २६,०००. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०० तास. पण त्यातले पैसे मिळणारे फार तर १००. बाकीचे मेल, फोन, काम शोधणं, शिकणं यात जातात. म्हणजे तासाला २६०. काम नसलेल्या महिन्यांसाठी वर २० टक्के घातले की ३१२, सोयीसाठी ३१५ धरू.

आता २४ पानांचं पुस्तक, १२ जोडपानं. एका जोडपानाला लहान कच्चा आराखडा १ तास, पक्कं रेखाटन ३, रंग ८, दुरुस्त्या २, असे १४. बाराचे १६८. पात्रांचे तक्ते (तेच पात्र वेगवेगळ्या कोनांतून) १०, मुखपृष्ठ १६, फाइल तयार करणं ६. बेरीज २०० तास, ६३,००० रुपये.

प्रकाशकाचं बजेट ३०,००० असेल तर? दर पाडू नका, काम कमी करा. ३०,००० म्हणजे ९५ तास. १२ अर्धपानी चित्रं, रेषा अधिक एक सपाट रंग, प्रत्येकी ६ तास म्हणजे ७२. मुखपृष्ठ १२, पात्रं ६, फाइल ५. बसलं. प्रकाशकापुढे हे दोन पर्याय लेखी ठेवायचे. निम्म्या पैशात तेच काम करून दिलं तर पुढच्या पुस्तकाला तोच दर पक्का होतो, आणि मध्येच थकून शेवटची ४ पानं ढिली पडतात. पुस्तकात ते दिसतं.

प्रत्येक कामाला तास लिहून ठेवायची सवय लावा. नवख्या माणसाचा अंदाज जवळजवळ नेहमीच कमी पडतो, आणि तो रंगात कमी पडत नाही, दुरुस्त्यांत पडतो.

सप्तरंग_७

सुरुवातीची दोन-चार कामं फुकट करावीत असं माझं मत. ओळखी होतात, नाव छापून येतं.

मुखपृष्ठ

@सप्तरंग_७, असहमत. विनामोबदला करायचंच असेल तर ज्याला खरंच पैसे परवडत नाहीत त्याच्यासाठी करा: गावचं वाचनालय, शाळेचं हस्तलिखित. तिथे विषय, आकार, तारीख तुम्ही ठरवता आणि पोर्टफोलिओला हवं तेच काढता. ज्या अंकाला जाहिराती आहेत, ज्याच्या मुखपृष्ठावर किंमत छापलेली आहे, त्याला फुकट चित्र दिलं की पुढच्या वर्षी तो फुकट देणारा दुसरा शोधतो. ओळखीचा उपयोग काहीच होत नाही.

'नमुना म्हणून एक चित्र काढून दाखवा' हेही तसंच. कच्चं पेन्सिल रेखाटन द्यायला हरकत नाही. पूर्ण रंगवलेलं, त्यांच्याच मजकुरावरचं चित्र मागितलं तर त्याचे पैसे सांगायचे.

सप्तरंग_७

वाचनालयाचा मुद्दा पटला. पण हक्कांची एवढी चिंता कशाला? चित्र आपण काढलं की कॉपीराइट आपलाच असतो ना.

कलम_५७

नेहमी नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. साधारण नियम असा की निर्माता हा पहिला मालक. पण कोणी सांगून, मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम देणारा. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्रही, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. म्हणून 'कॉपीराइट चित्रकाराकडे राहील' हे वाक्य लेखी असणं गरजेचं आहे.

कलम १९: हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे तयार छापील करारात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं लिहिलेलं असतं, ते शब्द शोधून काढा. ते मान्य करायला बंदी नाही, पण त्याची किंमत वेगळी. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचा हक्क आणि त्याच चित्राचे मग, टी-शर्ट, कॅलेंडर छापायचा हक्क एका पैशात जाऊ देऊ नका.

कलम ५७ चांगलं आहे: हक्क विकले तरी निर्माता म्हणून नाव सांगण्याचा आणि नावाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार राहतो.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. करायची तर कलाकृतीला ५०० रुपये, मालावर वापरायची असेल तर २,०००. प्रत्येक रेखाटनाची नोंदणी करत बसू नका; जे पात्र किंवा मालिका वर्षानुवर्षं चालणार आहे त्याचीच करा. आणि मूळ कागद किंवा कॅनव्हास कोणाकडे राहणार हेही लिहा. छपाईचा हक्क आणि मूळ चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परांचीवरून

पुस्तकांबरोबर भिंतीही बघा. सांगली-कोल्हापूरकडे शाळा, दवाखाने, हॉटेलं भिंती रंगवून घेतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवतच सिनेमाकडे गेले होते. मोठ्या मापाचं काम आपल्याकडे कधीच कमी दर्जाचं नव्हतं.

१० गुणिले २० फुटांची बाहेरची भिंत घ्या, २०० चौरस फूट. आधी भिंत बघायची. पांढरा लोणा फुटलेला असेल, हात लावल्यावर पीठ निघत असेल, खालच्या दोन फुटांत ओल असेल, तर ओलीचं कारण दुरुस्त होईपर्यंत काम घ्यायचं नाही. नव्या प्लास्टरला निदान ४ आठवडे सुकू द्यावं लागतं, नाहीतर सिमेंटच्या क्षारांनी रंग उडतो, लाल-जांभळे आधी जातात. मग घासणं, प्रायमर, पाया म्हणून एक्स्टिरिअर इमल्शनचे २ हात. लिटरला २ हातांत ५० चौरस फूट धरले तर पायालाच ४ लिटर. रेखाटनाला खडूने १ फुटाची चौकट आखायची किंवा रात्री प्रोजेक्टर लावायचा. वर शेवटी पारदर्शक एक्स्टिरिअर कोट.

जून ते सप्टेंबर बाहेरची भिंत घेऊ नका. बोलणीत चार गोष्टी आधी ठरवा: परांची कोण बांधणार, पाणी-वीज कोण देणार, मदतनिसाची मजुरी कोणाची, आणि परवानगी कोणाची. रस्त्याला लागलेल्या भिंतीला नगरपालिकेची परवानगी लागू शकते, ती काढणं मालकाचं काम. पैसे ४०-४०-२०: रंग आणण्याआधी, रेखाटन मान्य झाल्यावर, पूर्ण झाल्यावर. रेखाटन मान्य झाल्याची सही घेतल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. 'महाराजांचा घोडा डावीकडे बघायला हवा होता' हे वाक्य काम संपल्यावर ऐकू आलं तर निम्मी भिंत पुन्हा.

खडू_फळा

एटीडीला पडेल उत्तर समजू नका, पण हमखास नोकरी म्हणूनही करू नका. कलाशिक्षकाच्या कायम जागा कमी निघतात, खासगी शाळांत बहुतेकदा करारावर नेमणूक असते. शिकवायची खरी आवड असेल तरच ती दोन वर्षं घाला.

पदविका नसतानाही आजपासून करता येईल असं काम म्हणजे शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी करून घेणं. शाळा सुरू झाली की जूनपासून परीक्षेपर्यंत या वर्गांना मागणी असते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र, आणि दोन्हीकडे स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन. मुलं सर्वांत जास्त अडतात ती स्मरणचित्रात. माणसं एकसारखी, उभी, पाय कागदाखाली कापलेले. आठवड्याला २ तासांतला एक फक्त हालचालींच्या काडीरेखाटनांना दिला तर फरक दिसतो. एका वेळी १० मुलांपेक्षा जास्त घेऊ नका, प्रत्येकाच्या कागदाशी बसता येत नाही. हे उत्पन्न ठरलेल्या तारखेला येतं, आणि हातात तेवढं असलं की पुस्तकाचा दर सांगताना आवाज कापत नाही.

आणखी एक: केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, सीसीआरटी या सरकारी संस्थेमार्फत. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. दृश्यकलाही त्यात येते. गुरूकडे किंवा संस्थेत निदान ५ वर्षं शिक्षण झाल्याचा दाखला मागतात, तो आत्ताच घेऊन ठेवा, कॉलेज सुटल्यावर सह्या मिळवणं कठीण.

गोरेगाव_पूर्व

मुंबईबद्दल. अ‍ॅनिमेशन किंवा गेम स्टुडिओत जायचं असेल तर मुंबई किंवा पुण्याचा उपयोग आहे. पण चित्रकलेच्या मुलांचा पोर्टफोलिओ तिथे एका कारणाने मागे पडतो: त्यात जागा नसते. नुसते चेहरे आणि आकृत्या. एक स्वयंपाकघर घ्या, तेच सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात काढा, दोन वेगळ्या कोनांतून, यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) चोख. अशा ३ जागा असल्या की पार्श्वभूमीच्या कामासाठी चाचणीला बोलावणं येऊ शकतं.

सिनेमा-मालिकांच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये सहायकाचं काम रोजंदारीवर असतं, ओळखीतून मिळतं आणि पैसे कामानंतर ९० दिवसांनी देण्याची पद्धत आहे. म्हणजे पहिले तीन महिने खिशातून. तेवढी सोय असेल तरच निघा. पुस्तक आणि अंकांच्या कामाला मात्र मुंबईची काहीच गरज नाही, फाइल सांगलीहूनही तेवढ्याच वेळात पोचते.

जहांगीर आर्ट गॅलरीची वाट बघत बसू नका. तिथे अर्ज केल्यापासून नंबर लागेपर्यंत वर्षं जातात. अर्ज जरूर करून ठेवा, पण दरम्यान बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन (संस्था १८८८ ची), आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग, इथे पाठवत राहा. विद्यार्थी विभाग पदवीनंतर बंद होतो, म्हणून हे वर्ष सोडू नका.

ओली_रेघ

आणि एआय? वर्गात सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे.

मुखपृष्ठ

भीती अनाठायी नाही. स्वस्त, कोणाचंही चालेल असं चित्र, म्हणजे लेखाबरोबरचं सजावटी चित्र, शुभेच्छापत्र, जाहिरातीचा कच्चा नमुना, हे काम घटलं आहे आणि परत येईल असं मला वाटत नाही. त्यावर करिअर बांधू नका. जिथे अजून माणूस लागतो ते काम असं: २४ पानं तेच पात्र, तेच घर, तीच खिडकी त्याच भिंतीत, आणि स्थानिक तपशील. नऊवारीचा काष्टा, बैलाच्या शिंगांची शेंबी, चुलीची मांडणी, वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका कशी धरतात. यंत्राची चित्रं इथे हमखास गडबडतात आणि मराठी वाचक ते पहिल्या नजरेत पकडतो. म्हणून संदर्भवही करा: तुमच्या तालुक्यातली अवजारं, दागिने, घरांची रचना, जागेवर बसून रेखाटलेली, खाली नाव लिहिलेलं. पोर्टफोलिओत तिची २ पानं टाका.

शिवाय कच्ची रेखाटनं आणि थरांची (लेयरची) मूळ फाइल जपून ठेवा. 'हे तुम्हीच काढलं का' असं आता प्रकाशक विचारतात, स्पर्धावाले तर विचारतातच. कोणी एआयचं चित्र देऊन 'फक्त हात नीट करा' म्हणालं तर त्याला दुरुस्ती समजू नका, पुन्हा काढण्याचे तास लावा. प्रकाश, यथादर्शन, कपड्यांच्या घड्या, काहीच जुळत नसतं.

हिशेबवही

पैसे बुडण्याबद्दल राहिलं होतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या, आधार-पॅनवर होते, विनामूल्य आहे. 'फी भरा' म्हणणारी खासगी संकेतस्थळं टाळा. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीख कितीही लांब लिहिली तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. काही ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. मात्र नोंदणी काम देण्याआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक छापा. बऱ्याचदा तेवढ्याने हिशेब विभाग हलतो.

बिलातून १० टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात.

फसवणुकीच्या दोन ठरावीक तऱ्हा. परदेशी गिऱ्हाईक चित्र आवडलं म्हणतं, जास्तीचा चेक पाठवतं आणि उरलेले पैसे 'कुरिअरवाल्याला' द्या म्हणतं. चेक नंतर वटत नाही, तुमचे गेलेले पैसे खरे असतात. दुसरी, 'आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात निवड झाली, प्रमाणपत्रासाठी अमुक हजार भरा'. प्रवेशशुल्क चांगल्या संस्थाही घेतात, पण ते निवडीआधी, सगळ्यांना सारखं आणि नियमावलीत छापलेलं असतं. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

ओली_रेघ

शेवटची शंका. करार पुढे केला तर प्रकाशक 'एवढं काय, विश्वास नाही का' म्हणून काम दुसऱ्याला देतील अशी धास्ती वाटते. ओळखीतून आलेल्या कामात तर बोलणंच अवघड.

कलम_५७

करार हा शब्दच नको. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी एक मेल टाका:

"नमस्कार. आज बोलणं झाल्याप्रमाणे नोंद करून ठेवते. १२ अर्धपानी चित्रं आणि मुखपृष्ठ, एकूण ३०,००० रुपये. १०,००० कामाला सुरुवात करताना, १०,००० कच्ची रेखाटनं मान्य झाल्यावर, उरलेले अंतिम फाइल दिल्यापासून ३० दिवसांत. रेखाटनाच्या टप्प्यावर २ वेळा बदल समाविष्ट. रंग झाल्यावरचे बदल तासाला ३१५ रुपये. रेखाटनांनंतर काम थांबलं तर तोवर मिळालेली रक्कम माझ्याकडे राहील. चित्रांचा वापर या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीपुरता, ५ वर्षं. कॉपीराइट आणि मूळ चित्रं माझ्याकडे. श्रेयपानावर चित्रकार म्हणून नाव यावं. यात काही राहिलं असेल तर कळवावं, नसेल तर 'मान्य' एवढं उत्तर पाठवावं, म्हणजे सोमवारी सुरू करते."

ओळखीतल्या माणसालाही यात खटकण्यासारखं काही नाही, उलट त्यांच्याही तारखा पक्क्या होतात. मोठं काम असेल तर यालाच सह्या केलेल्या कागदाचं रूप द्या. 'मान्य' मेलवरच घ्या, फोनवर नको. फोनवर म्हणाले तर 'तेवढं मेलवर टाकता का' असं विचारायचं. आणि ते उत्तर आणि पहिला हप्ता, दोन्ही आल्याशिवाय पहिल्या पानाला हात लावायचा नाही.